डबा

कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर
रबराचा वास संपून जिथे अ‍ॅसिडचा सुरू होतो
तिथे आमचं दुकान.
पाटीवर अजून अप्पांचंच नाव:
भि. ता. मिठबावकर, ऑटो इलेक्ट्रिशियन.
खालच्या खणात कुणी न मागितलेल्या वस्तू.

दाराच्या खांबातून उसळणारा
इंडिकेटरचा नारिंगी हात.
वळायचं असलं की गाडी वर्गातल्या पोरासारखी हात वर करायची
आणि मागचा बेस्टवाला म्हणायचा, हां, बोल.
हेडलाइटचा बोटभर वायपर, एकच,
जोडीदार ग्रँट रोडला रात्रीतून गेला.
गाडीत रेकॉर्ड वाजवायचं यंत्र:
वरळीला बरं चालायचं, शीवच्या खड्ड्यांत
बाई तीच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायच्या
आणि मालक म्हणायचे, वा, काय जागा घेतली.
खांद्यावरून आपणहून सरकत येणारा पट्टा,
ज्याने दादरच्या एका नवरीचा अंबाडा
गजऱ्यासकट ओढून नेला.
त्या दिवसापासून तो आमच्याकडेच.

पण मला सांगायचंय ते या डब्याबद्दल.

सरगुरोह शेठची निळी जपानी गाडी
त्र्याऐंशी साली कुवेतहून आली,
गोदीत उतरली आणि बोलू लागली.
बाईचा आवाज. मऊ. चार शब्द, मग गप्प.
सरगुरोहांची अम्मी मागच्या सीटवरून
दर वेळी न चुकता म्हणायची, वालेकुम सलाम.
ड्रायव्हर लादू तिच्यादेखत बिडी ओढत नसे.
अप्पा म्हणायचे, थँक्यू म्हणत असणार,
त्यांच्याकडे रीत असते.

तशी गाडी गुणी. फक्त बॅटरी उतरायची.
महिन्यातून एकदा तरी, सकाळी सकाळी,
लादू धापा टाकत दारात: अप्पा, गेली परत.
अप्पांनी बॅटरी बदलली.
अल्टरनेटरचं वाइंडिंग दोनदा करून आणलं.
जुन्या वायरी उपसून नव्या ओढल्या.
रात्री बॉनेटखाली डोकं घालून बसायचे,
करंट कुठे झिरपतोय ते शोधत,
छपरातली गळती शोधावी तसे.
अकरा वर्षं.
वहीत हिशेब आहे अजून, निम्म्या कामांपुढे 'फुकट',
अप्पांच्या लाजेखातर.

मग गाडी मोडीत गेली. डबा अप्पांनी काढून ठेवला.
आत तळहाताएवढी पांढरी तबकडी, एक सुई,
आणि तेवढ्यात ती बाई.

परवा एक मुलगी हॉर्न बदलायला आली.
शर्वाणी. पवईच्या जपानी कंपनीत दुभाषी.
मी हॉर्नचं काम तसंच ठेवून
डब्याच्या तारा बारा व्होल्टला लावल्या.
घरघर, खरखर, आणि तेच चार शब्द,
चाळीस वर्षांत वय न वाढलेले.

ती म्हणाली,
लाइट चालू राहिलेत.

कुठे, म्हणून मी ट्यूबकडे बघितलं.

नाही हो, ही म्हणतेय.
एवढंच म्हणतेय. लाइट चालू राहिलेत.

लादूने ते बटण कधी पाहिलंच नाही
की रोज सकाळी आधी गुपचूप फिरवून
मग धावत यायचा,
आता विचारायला तो नाही.
हॉर्नचे पैसे मी घेतले नाहीत.
वहीत लिहिलं, फुकट.

रात्री कन्नमवार नगरला
अप्पा पेज पीत होते.
मला दोनदा सांगावं लागलं,
डाव्या कानाने त्यांना येत नाही ऐकू.
बराच वेळ वाटीत बघत राहिले.
उठले, मोरीतला दिवा बंद केला,
परत येऊन बसले, आणि म्हणाले,
मगे आदी सांगूक नको तिना?